विजेची चूल आणि मोठेबाबांचे बूट

माणसं जुन्या घरातल्या वस्तूंबद्दल हळवी होऊन लिहितात. मला त्या विजेच्या चुलीबद्दल तसं काही लिहिता येणार नाही. ती आमच्या घरात आली त्या दिवसापासून मला तिचा राग होता, आणि तिला घेऊन येणाऱ्या माणसाचा तर त्याच्याही आधीपासून. तो माणूस म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. ते जाऊन आता पुष्कळ काळ झाला, माझेही केस पिकून गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिही, असं माझी मुलगी म्हणते. मी खरं लिहिते. त्यात चांगलं किती निघतं ते तिनं वाचून ठरवावं.

आमचं घर जरीपटक्याच्या अलीकडे होतं. आई मी लहान असतानाच गेली. बाबा कापडाच्या मिलमध्ये होते. भोंग्याला जायचे, भोंग्याला यायचे आणि कुणाशी न बोलता खाटेवर पडायचे. मला वाढवलं ते मोठ्या आईनं, मोठेबाबांच्या बायकोनं. वाढवलं म्हणजे खाऊ घातलं आणि मारलं, दोन्ही. तिच्या हातच्या पाटोडीच्या रश्शासारखा रस्सा मी पुढे कुठेच खाल्ला नाही, आणि तिच्या सराट्याचा पाठीवरचा वळही विसरले नाही. पोळी उलथायचा तो लांब दांड्याचा सराटा तिच्या हातात कायम असायचा. सकाळी मला जाग यायची ती तिच्या पोतेऱ्याच्या आवाजानं. पांढऱ्या मातीत बुडवलेलं ओलं फडकं चुलीवरून सपक सपक फिरायचं. पोतेरं फिरल्याशिवाय आमच्याकडे चूल पेटत नसे. धर्मांतरानंतर मोठेबाबांनी घरातले सगळे देव टोपल्यात भरून स्वतःच्या हातानं कन्हान नदीत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. त्याचा आम्हाला अभिमान होता आणि मला आजही आहे. पण चुलीपाशी अनवाणी जायचं, चुलीला रोज पोतेरं द्यायचं, सुनेनं आंघोळ करून ओल्या केसांनी सयपाकाला बसायचं, हे सगळं होतं तिथेच राहिलं. देव गेले, त्यांच्यासाठी काढलेल्या चपला मात्र दाराबाहेरच राहिल्या.

या नियमाला घरात एकच माणूस अपवाद होता. मोठेबाबा कन्हानला कोळशाच्या खाणीवर स्टोअरमध्ये होते. तिथून त्यांना जाड रबरी तळाचे काळे बूट मिळत. ते बूट घालूनच ते स्वयंपाकघरात यायचे, दाराशी स्टुलावर बसायचे आणि तिथेच जेवायचे. झोपताना बूट निघत, एवढंच. मोठी आई त्यांच्या पावलांमागे फडकं घेऊन फिरायची. मी एकदा विचारलं, "त्यांना चालते अन् आम्हाले काहून नाही चालत?" तर तिनं सराटा दाखवला. तेवढं उत्तर मला पुरत असे.

खाणीच्या बंगल्यातला कुणी साहेब बदली होऊन गेला आणि त्याच्या सामानातली ही विजेची चूल मोठेबाबांच्या वाट्याला आली. हातठेल्यावरून ती गल्लीत शिरली तेव्हा अर्धी वस्ती मागे होती. पांढरा मुलामा, वर चार काळ्या चकत्या, समोर चकचकीत दांडी, खाली जाड दाराची भट्टी. तिला नाव दिलं आमच्या इंदूवहिनीनं. इंदूवहिनी म्हणजे मोठेबाबांची सून, उमरेडकडची. लग्न होऊन नुकतीच आली होती. तिचा नवरा, आमचा वसंतदादा, चांद्याला नोकरीला होता आणि सणासुदीलाच उगवायचा. चूल घरात ठेवली तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "कुसुमताई, साहेब गेला अन् मड्डम आपल्याकडे सोडून गेला वं." मी इतकी हसले की मोठेबाबांनी वळून पाहिलं. तेव्हापासून त्या चुलीचं नाव मड्डम.

मड्डमच्या वायरीला तीन दांड्यांचा मोठा प्लग होता आणि आमच्या भिंतीत दोनच भोकं होती. मोठेबाबांच्या ओळखीचा एक तारवाला आला. त्यानं प्लग कापून टाकला, दोन तारा दोन भोकांच्या प्लगात बसवल्या आणि हिरवी तार गुंडाळून चुलीच्या मागे खोचली. मी तेव्हा सायन्स कॉलेजात होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. ती हिरवी तार कशासाठी असते ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "ही तार जमिनीत गाडा लागते. अर्थिंग आहे ते." तारवाला मोठेबाबांकडे बघून हसला. मोठेबाबा म्हणाले, "दोन तारेवर सारं नागपूर चालून राहिलं, अन् इले तिसरी पाहिजे." दुसऱ्याच दिवशी फ्यूज उडाला. तारवाल्यानं फ्यूजात जाड तार घातली. मग फ्यूज काही उडाला नाही. एक चकती लावली तरी घरातला दिवा पिवळा पडायचा आणि भिंतीतून रबर तापल्याचा वास यायचा. मोठेबाबा तो वास छाती भरून घ्यायचे. त्यांच्या मते तो बंगल्याचा वास होता.

मोठ्या आईनं मड्डमला चूलच मानलं, आणि तिच्या दृष्टीनं चुलीला जे करायचं तेच तिला केलं. रोज सकाळी ओलं पोतेरं. चकत्यांवरून, दांडीवरून, मागच्या वायरीपर्यंत. खालची फरशीही धुऊन काढायची. मग इंदूवहिनी ओल्या केसांनी, अनवाणी, त्या ओल्या फरशीवर उभी राहायची आणि मोठी आई भिंतीवरचं बटण दाबायची. एखाद्या बाईला मारायचं म्हणून कुणी ठरवून बसलं असतं तरी याहून नीट मांडामांड त्याला सुचली नसती. आणि हे सगळं स्वच्छतेच्या नावाखाली, रोज, बुद्धाच्या तसबिरीसमोर.

पहिल्यांदा वहिनी म्हणाली, "आत्याबाई, दांडीले हात लागला का मुंग्या येते." मोठी आई म्हणाली, "तुले सयपाक आला का मुंग्याच येते." आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामाजी म्हणतात. नुसतं म्हणतात. पुढे मुंग्यांचे झटके झाले. गंज म्हणजे आमच्याकडे उभं पातेलं; जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात वरण असायचं आणि घोटताना वहिनी मधेच हात ओढून घ्यायची. एका सकाळी तिनं संडशीनं गंज धरला आणि दुसऱ्या हातानं दांडीला टेकली. ती मागे फेकली गेली आणि उकळतं वरण तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. मी कॉलेजला निघाले होते. ओरडणं ऐकून धावत आत गेले, तर वहिनी भिंतीशी बसलेली, हात पुढे धरलेला, आणि मोठी आई सांडलेल्या वरणाकडे बघत होती.

मोठेबाबा बाहेरून आले. बूट घालूनच. वहिनी रडत म्हणाली, "मामाजी, करंट मारते ते."

"करंट मारते?" ते पुढे झाले आणि मड्डमची दांडी मुठीत घट्ट धरली. दुसऱ्या हातानं तिचा पांढरा पत्रा थोपटला. "हे पाह्य. मले काहून नाही मारत? मले पाहून भेते काय करंट?" मग मोठ्या आईकडे वळून म्हणाले, "नाटक आहे सारं. चुलीपाशी बसाचं नाही हिले. आणखीन एकदा नाटक केलं तं उमरेडले तिच्या बापाच्या दारात नेऊन घालतो. सांगून ठेव."

ज्यांनी घरातल्या भुताखेतांना हाकलून दिलं, अंगात येणाऱ्या बायांची टर उडवली, त्यांनी विजेपुढे मात्र हेच उत्तर शोधलं. भूत नाही, तर बाई खोटारडी. या दोहोंच्या मधे तिसरंही काही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

माझं लक्ष मात्र त्या वेळी त्यांच्या हाताकडे नव्हतं, पायांकडे होतं. ओल्या फरशीवर ते काळे बूट उभे होते.

संध्याकाळी मोठी आई शेजारी गेल्यावर मी वहिनीला दाराशी उभं केलं. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. अनवाणी उभी राहून मी बोटाची मागची बाजू दांडीला जेमतेम लावली. हात कोपरापर्यंत झणझणला. मग रबरी चपला घातल्या आणि पुन्हा लावली. काही नाही. वहिनी बघत होती. म्हणाली, "म्हणजे मी खोटी नाही नं?" तिला त्या क्षणी विजेशी काही देणंघेणं नव्हतं, तिला एवढंच हवं होतं. मी म्हणाले, "तू खोटी नाही. त्यांचे बूट खरे आहे." (कुणी हे वाचून करून बघेल म्हणून सांगते: बोट लावून वीज तपासणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. माझ्याजवळ टेस्टर नव्हता आणि मला कुणी आणूनही दिला नसता.)

दुसऱ्या दिवशी मी वहिनीच्या पायात माझ्या चपला घातल्या. मोठ्या आईनं ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "चपला घालून सयपाक? अवं, कोणाच्या घरात पाहिलं? लाज नाही वाटत पोट्टीले!" चपला अंगणात फेकल्या गेल्या, एक माझ्या खांद्यावर आपटून. मी पाट आणून ठेवला, की निदान लाकडावर उभी राहा. तोही उचलला गेला, पाट बसायला असतो म्हणून. मी पोतेरं लपवलं, तर तिनं जुन्या लुगड्याचं दुसरं फाडलं. बाबांना सांगितलं. ते खाटेवरून म्हणाले, "दादा म्हणते तं असंल तसंच." माझ्या वडिलांचं माझ्यावर प्रेम होतं हे मी नाकारत नाही. पण ते प्रेम खाटेवरून कधी उठलं नाही.

मोठेबाबांना मी सरळ सांगून पाहिलं. बूट, रबर, ओली जमीन, हिरवी तार, सगळं. ते स्टुलावर बसून भाकर मोडत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुले कॉलेजात मी पाठवलं. काय म्हणून पाठवलं? माह्या घरात मास्तरकी कराले?" मी म्हणाले, "वहिनी मरून जाईल." ते म्हणाले, "मरणारे असे रोज रोज सांगत नाही." आणि भाकरीवर मिरचीचा ठेचा ओढून घेतला.

त्यानंतर एका रविवारी त्यांनी खाणीवरच्या लोकांना जेवायला बोलावलं. नवे बडेबाबू, त्यांची बायको आणि स्टोअरमधले दोघेतिघे. मड्डमची कीर्ती त्यांनी कन्हानपर्यंत नेऊन ठेवली होती, आता ती दाखवायची होती. सकाळपासून घरात खसखस, खोबरं भाजल्याचा वास होता. पाटोड्या झाल्या, भेदराची, म्हणजे टोमॅटोची चटणी झाली, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर पेरून झाली. हे सगळं कोळशाच्या शिगडीवर झालं, कारण मोठ्या आईलाही मड्डमवर एवढा भरवसा नव्हता. पुऱ्या मात्र पाहुण्यांसमोर मड्डमवर तळायच्या, असा हुकूम होता. मड्डमला दोनदा पोतेरं दिलं होतं. फरशी आरशासारखी ओली होती. इंदूवहिनीचा हात अजून पट्टीत होता. नवं लुगडं नेसून ती त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. हात लावला तर जीव जाईल आणि मागे घेतला तर घर जाईल, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. आत येण्याआधी ती मला म्हणाली होती, "कुसुमताई, काही झालं तं माह्या मायले खरं सांगजा."

मोठेबाबा पाहुण्यांना घेऊन दाराशी आले. पाहुण्यांनी रीतसर चपला बाहेर काढल्या होत्या. मोठेबाबा बुटात. शिगडीवर तापवलेल्या तेलाची कढई मड्डमवर आणून ठेवली होती. भिंतीवरचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. दिवा पिवळा झाला. बडेबाबू म्हणाले, "वा! आता तुमच्याकडे धूर नाही, राख नाही." त्यांच्या बायकोनं कौतुकानं विचारलं, "भीती नाही वाटत हो?"

"भीती कायची?" मोठेबाबा हसले आणि दांडीवर हात ठेवला. "आमच्या सूनबाईले वाटते. म्हणते करंट मारते. मले तं कधी मारला नाही." सगळे हसले. "इंदू, टाक वं पुरी."

वहिनीनं हात उचलला. मी तिच्या आणि मड्डमच्या मधे जाऊन उभी राहिले. पायात माझ्या चपला होत्या. मी त्या मुद्दाम घालून आत आले होते.

"मोठेबाबा," मी म्हणाले, "बूट काढून हात लावा."

हसणं थांबलं.

"काय म्हणाली?"

"बूट काढा. आम्ही जसे उभे राहतो तसे उभे राहा, अनवाणी. मंग हात लावा. नाही मारला तं वहिनीले मी स्वतः उमरेडले सोडून येतो, अन् मीबी कॉलेज सोडून देतो."

आमच्याकडे बायकाही बोलताना येतो, जातो म्हणतात. पुण्यामुंबईकडच्या बाया याला हसतात. हसोत. त्या दिवशी मी कुणी पोट्टी म्हणून बोलत नव्हते.

मोठेबाबांचा चेहरा मी विसरणार नाही. राग तर होताच, पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी हळूच सरकलं. त्यांनी खाली पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे. मग ओल्या फरशीकडे. त्यांचा हात दांडीवरून निघाला. त्या माणसाला सगळं कळलं होतं. कदाचित मी स्टुलापाशी सांगितलं तेव्हाच कळलं असेल. "या पोट्टीले कोणी बाहेर काढा," ते म्हणाले. पण आवाज घसरला.

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. मोठी आई कोपऱ्यात पुऱ्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काढा ना जी बूट."

"काय?"

"काढा म्हणतो. मलेबी लागते ते. रोज सकाळी पोतेरं फिरवतो तेव्हा लागते. हात झणझणते दुपारपर्यंत." तिनं लाटणं बाजूला ठेवलं. "मले वाटे, तुम्ही आणलेली वस्तू आहे, सांगावं कसं."

ती इतके दिवस हे जाणून होती. जाणून असताना सुनेला खोटारडी म्हणत होती, चपला फेकत होती. त्या क्षणी तिच्याबद्दल मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तिचा त्यांच्याइतकाच राग आला. पण ती बोलली, हेही खरं, आणि ती बोलली नसती तर माझं एकटीचं कुणी ऐकलं नसतं, हेही खरं.

मोठेबाबांनी बूट काढले नाहीत. ते वळले आणि त्याच बुटांचे ओले ठसे उमटवत अंगणातून बाहेर निघून गेले. बडेबाबूंना कुठे बघावं कळेना. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग ओढून काढला. दिवा पुन्हा पांढरा झाला. पुऱ्या शिगडीवर तळल्या. पाहुणे खाली माना घालून जेवले आणि लवकर गेले. बडेबाबूंच्या बायकोनं निघताना वहिनीच्या पट्टीकडे पाहिलं आणि तिचा दुसरा हात दाबला.

मड्डम अंगणात गेली. नंतर तिच्या भट्टीत कोंबड्या बसायला लागल्या. हिरवी तार शेवटपर्यंत मागे गुंडाळलेली होती. ती जमिनीत गाडावी असं कुणाला वाटलं नाही. वहिनीला उमरेडला पाठवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मोठेबाबा मात्र त्यानंतर स्वयंपाकघरात आले नाहीत. जेवण बाहेरच्या खोलीत घ्यायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. माझ्या फीबाबत त्यांनी हात झटकले. मी जरीपटक्यात सिंधी दुकानदारांच्या मुलांना गणित शिकवून ती भरली. त्यांतल्या एका घरातली आई मला ताटात आधी पापड वाढायची. माझी जात तिनं कधी विचारली नाही आणि मी कधी लपवली नाही.

आजकाल माझ्या घरी काचेची विजेची शेगडी आहे. तिला हात लावण्याआधी हात कोरडे, पायात चपला, पुसायची तर आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग ती थंड होऊ द्यायची. भिंतीत तिसरी तार जमिनीपर्यंत गेली आहे की नाही हे मी घर घेताना वायरमनच्या डोक्यावर उभी राहून पाहिलं. जावई हसतात. म्हणतात, आईंच्या स्वयंपाकघरात शिरायचं तर परीक्षा द्यावी लागते. देऊ दे. माझ्या स्वयंपाकघरात कुणीही अनवाणी उभं राहत नाही, सून तर नाहीच.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी इंदूवहिनीनं शेवयांची खीर केली. मोठ्या आईनं पहिली वाटी भरून माझ्या हातात दिली आणि बाहेरच्या खोलीकडे मान केली. मोठेबाबा खुर्चीवर बसले होते, बूट घातलेले. मी वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मी पास झाली. फिजिक्समध्ये चांगले मार्क आहे." त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग एका बोटानं ती माझ्याकडे सरकवली.

मी ती उचलली. आत नेली नाही. तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ली, तळाला चमचा वाजेपर्यंत. वहिनीनं वेलची जरा जास्तच टाकली होती.